चमचाभर मामा

एका गावात एक भोळा तान्हू होता. वय लग्नाचं, अक्कल पाळण्यातली. आई धोंडाई सांगेल ते तो तंतोतंत करायचा, आणि तिथंच घात व्हायचा.

घरात एकच म्हैस. साय खाल्ली की ताकद येते, डोकं चालतं, असं धोंडाई साऱ्या गावाला सांगायची. तान्हूच्या ताटात मात्र ताक. साय पाहुण्यांची. आता तर मुलीकडचे येणार होते.

"रश्श्यावर आंबट साय पडली की म्हणतील, घर खातंपितं आहे. हे स्थळ हुकलं तर बसशील जन्मभर म्हशीशी बोलत!"

तिनं साठवलेली साय गाडग्यात घातली, विरजण लावलं, पोत्यात गुंडाळून चुलीशेजारी ठेवली. "झाकण काढू नको, हलवू नको."

मांजर आलं. झाकण पाडलं, निम्मी साय चाटली. तान्हू बघत बसला.

"मुडद्या, बघतोस काय?"

"मी झाकण नाही काढलं. हलवलंही नाही."

"अरे, सायीत तोंड घालील त्याच्या टाळक्यात पळी हाणायची!"

"बरं."

पाहुणे जेवायला बसले. मुलीचा बाप रखमाजी म्हणाला, "साय बुद्धीला फार चांगली," आणि वाटी तोंडाला लावली. तान्हूनं पळी हाणली. हे लालबुंद टेंगूळ!

"अरे देवा! लाल दिसतंय तिथं साय लाव, गार वाटेल!" धोंडाई ओरडली.

"बरं."

तान्हूनं टेंगळाला लावली. मग रखमाजीच्या लाल पागोट्याला. मग मुलीच्या चुलत्याच्या लाल उपरण्याला. गाडगं रिकामं.

"हे स्थळ नको!" रखमाजी गरजला.

"नकोच!" चुलता म्हणाला.

मुलीचा मामा तेवढा वाटी चाटत होता. "पोरगा बरा आहे की. साय झकास."

पागोटं धुऊन वाळत घातलं. ते वाळेपर्यंत पाहुणे फुगून ओसरीवर बसले. धोंडाई चुलीपाशी रडू लागली.

"साय संपली म्हणून रडतेस, आई?"

"साय होईल रे! चमचाभर चांगलं विरजण मिसळायचं, उबेत झाकायचं, हलवायचं नाही. सगळं त्याच्यासारखंच होतं. पण पाहुण्यांचं काय करू?"

"बरं," तान्हू म्हणाला.

धोंडाई शेजारणीकडे विरजण मागायला गेली. इकडे तान्हू पाहुण्यांना म्हणाला, "चला कोठीत, विरजण लावायचंय." सायीच्या आशेनं नको म्हणणारे दोघं मामाच्या आधी आत घुसले.

धोंडाई परतली तर ओसरी रिकामी. कोठीला कडी, फटींत गोधड्या, दाराला पाठ लावून तान्हू.

"पाहुणे कुठं रे?"

"आत. नको म्हणणारे दोघं, त्यात चमचाभर मामा."

आतून दार धडधडलं. रखमाजी ओरडला, "उघडा हो! दिली पोरगी, दिली!"

धोंडाई कडीकडे धावली. तान्हूनं तिचा हात धरला.

"हलवू नको, आई! एकच घट्ट झालाय. चुलता अजून पातळ आहे."