दितलीचा खडक

सातपुड्याच्या आतल्या घडीत, जिथे गाडीरस्ता संपून नुसती पायवाट उरते, तिथे सावरबारी नावाचा पाडा आहे. पाड्याच्या खालच्या अंगाला ओढ्यालगत एक सपाट काळा खडक आहे, चार बैलगाड्या शेजारीशेजारी उभ्या राहतील एवढा. गावात बोकड कापला, ओढ्यात मासे धरले, लग्नाचे जेवण उरले, काहीही वाटायचे असले तरी ते याच खडकावर सागाच्या पानांवर वाटे घालून वाटतात. वाटे पडत असताना कुणी बसत नाही. ज्यांना धड उभे राहवत नाही अशी म्हातारी माणसेसुद्धा काठीवर भार टाकून उभी असतात.

लग्नाकार्याला बाहेरून आलेले पाहुणे विचारतात, असे का? मग रूमशाबाबा त्यांना खडकावर घेऊन जातात आणि सांगू लागतात. सांगताना त्यांचा आवाज चढत जातो. किती पिढ्या झाल्या ते त्यांनाही माहीत नाही, पण त्यांचा राग मात्र परवाचा आहे.

ते सांगतात ते असे.

पूर्वी सावरबारीत चाळीस घरे होती. जमीन कुणा एकाची नव्हती, गावाची होती, आणि कारभारी ती घराघराला कसायला देई. त्याला एक नियम होता. वर्षातून एकदा तरी प्रत्येक घरातून गावासाठी शिकार आली पाहिजे. होळीपर्यंत ज्या घरातून ती आली नाही, त्या घराचे शेत काढून शिकार आणणाऱ्या घराला द्यायचे. जनावर सगळ्यांत वाटले जाई, शिंगे मात्र ज्याच्या तीराने ते पडले त्याची. शिंगे दारावर लागली की वर्षभर त्या घराच्या शेताकडे कुणी बोट दाखवू शकत नसे.

या गावात दितली नावाची बाई होती. तिचा नवरा गोमा आग्या मोहोळ काढताना कड्यावरून पडला आणि गेला. घरात उरल्या दोघी, दितली आणि तिची सासू जेमी. जेमीला डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हते. त्यांचे शेत ओढ्याकाठचे, काळ्या मातीचे. वेस्ता कारभाऱ्याचा त्यावर फार दिवसांचा डोळा होता. गोमाला जाऊन महिना झाला नाही, तोच तो दारात येऊन उभा राहिला.

"होळीपर्यंत वाट बघतो," तो म्हणाला. "मग शेत सोडावं लागेल. नियम आहे."

"नियमात काय म्हटलंय?" दितलीने विचारले.

"घरातून शिकार आली पाहिजे."

"घरातून. बाप्याकडून, असं नाही ना म्हटलेलं?"

वेस्ता हसला. "नाही म्हटलेलं. आण तू."

ते हसणे दितलीच्या छातीत बसले. तिचा बाप नदीपलीकडच्या पाड्यात कामठे, म्हणजे बांबूची धनुष्ये, करायचा. बांबू कधी तोडायचा, विस्तवावर किती शेकायचा, बांबूचीच पट्टी काढून तिची दोरी कशी ओढून बसवायची, हे ती लहानपणापासून बघत आली होती. गोमाचा कामठा तिच्या हाताला लांब पडत होता. तिने स्वतःच्या मापाचा केला. बरूचे तीर केले, बापाकडून आणलेली अरुंद पाती त्यांना लावली. सासू शेजारी बसून दोरी बोटांनी चाचपून बघे आणि म्हणे, "अजून ढिली आहे, पोरी." मग दितली ती सोडून पुन्हा बांधे.

डोंगराच्या मागच्या बाजूला खाऱ्या मातीची एक जागा होती. जनावरे ती माती चाटायला येत. दितली महिनाभर तिथले खूर बघत राहिली. पहिल्यांदा तिने तीर लावला तेव्हा दोरी करकरली आणि सांबर उधळले. तिने दोरीला मोहाचे तेल चोळले. दुसऱ्यांदा वारा फिरला. होळीला चार दिवस उरले. गावात बायका तिच्याकडे बघून पदराआड हसत होत्या, आणि कारभाऱ्याचा मुलगा जात्र्या तिच्या शेताच्या बांधावर पावले टाकून लांबी मोजून गेला होता. खरे तर त्या वर्षी कारभाऱ्याच्या घरातूनही शिकार आली नव्हती. त्याविषयी कुणी बोलत नव्हते.

त्या सकाळी ती उजाडायच्या आधीच जाऊन बसली. वारा समोरून येत होता. ऊन झाडाच्या शेंड्यावर आले तेव्हा सांबराचा नर आला, काळपट, मानेवर आयाळ असलेला, शिंगांना सहा टोके. तो माती चाटू लागला. दितलीने श्वास धरला. त्याने पुढचा पाय टाकला आणि खांद्यामागची जागा उघडी पडली, तसा तिने तीर सोडला. तीर पिसांपर्यंत आत गेला. सांबर उसळले आणि रानात घुसले.

ती लगेच धावली नाही. पाठलाग केला की जखमी जनावर आणखी लांब जाते, हे तिला ठाऊक होते. बराच वेळ ती तिथेच बसली, मग रक्त बघत निघाली. पानावर एक थेंब, दगडावर एक पुसट डाग, असे दोन ओहोळ ओलांडून दुपारी तिला ते सापडले. करवंदीच्या जाळीत पडले होते, गार झाले होते. दितलीने त्याच्या मानेवर हात ठेवला.

"आता काढा म्हणावं शेत," ती मोठ्याने म्हणाली.

जनावर तिच्या एकटीने हलणारे नव्हते. तिने टेकाडावर जाऊन शिकार पडल्याची हाक दिली. जवळच्या रानातून सहा जण आले. त्यांत जात्र्या होता, आणि गोमाचा सख्खा धाकटा भाऊ नूरजीही होता. सगळ्यांनी सांबर बघितले, त्यातला तीर बघितला. सांबराचे पाय बांधून त्यांनी ते दांड्यावर घेतले. दितली सासूला सांगायला पुढे पळाली.

सासूचा हात धरून ती खडकावर आली, तेव्हा सगळे गाव तिथे जमले होते. सगळे बसले होते. मधोमध सांबर होते आणि त्याच्या कुशीत तीर होता. पण तो तीर तिचा नव्हता. त्याचे रुंद पाते अर्धे बाहेर दिसत होते. ते अरुंद जखमेत जाईना म्हणून सुरीने जखम मोठी केली होती, आणि सुरीची रेघ कुणालाही दिसेल अशी होती.

"हा तीर माझा नाही," दितली म्हणाली.

"नाहीच," वेस्ता कारभारी म्हणाला. "जात्र्याचा आहे."

ती त्या सहा जणांसमोर एकेक करून जाऊन उभी राहिली आणि प्रत्येकाला एकच विचारले, "तीर कोणाचा?" पहिल्याने मान खाली घातली. दुसरा सागाची पाने सारखी करू लागला. नूरजीसमोर ती आली तेव्हा तो हळूच म्हणाला, "वहिनी, मांस दुप्पट देणार आहेत. घे आणि घरी जा."

सगळ्यात जास्त लागले ते हे. जात्र्या चोर होता, ते तिला कळत होते. पण या एकोणचाळीस घरांना डोळे होते. सुरीची रेघ प्रत्येकाला दिसली होती, आणि प्रत्येक जण आपल्या वाट्याकडे बघत बसला होता.

तिने वाकून जात्र्याचा तीर उपसला आणि कारभाऱ्याच्या पायाशी टाकला.

"तुम्हाला दिसलेलं तोंडानं सांगता येत नाही," ती म्हणाली. "मग तुमच्या तीरालाही दिसायचं नाही."

असे म्हणून ती सासूला घेऊन गेली. दुप्पट मांस त्या दोघींच्या दारात आणून ठेवले, ते तिने उचलून ओढ्यात टाकले.

होळीला शेत गेले. ते जात्र्याला मिळाले, आणि शिंगे कारभाऱ्याच्या दारावर लागली. दितलीने गाव सोडले नाही. तिने ओढ्याच्या वाटेवर, खडकाला लागून, काट्याकुट्यांची झोपडी घातली. रोज सकाळी पाण्याला जाणाऱ्या प्रत्येकाला ती विचारायची, "तीर कोणाचा?" बायका मान खाली घालून निघून जायच्या. पुरुष लांबची वाट धरू लागले. ती विचारायची थांबली नाही. पावसात विचारले, थंडीत विचारले.

आणि असे सांगतात, की त्या दिवसापासून सावरबारीतल्या कुणाचा तीर लागेना. कामठे चांगले, दोऱ्या ताठ, हात जुने. जनावर दहा पावलांवर उभे असे आणि तीर बाजूने निघून जाई. काही म्हणतात, त्या वर्षी बांबूला कीड होती. रूमशाबाबा हे ऐकून घेत नाहीत. बांबूला कीड होती तर दितलीचा तीर कसा लागत होता, असे ते विचारतात. तिने ससे मारले, रानकोंबड्या मारल्या, सासूला पोटभर घातले. जनावरांची भीड चेपली. चितळांचे कळप दिवसाउजेडी ज्वारीत शिरू लागले. जात्र्याने बळकावलेल्या काळ्या शेतात तर कणीस म्हणून उरले नाही.

पुन्हा होळी आली. त्या दिवशी सकाळी गाव खडकावर जमून बसले, पण वाटायला काही नव्हते, कारण वर्षभरात एकाही घरातून गावासाठी शिकार आली नव्हती. तेवढ्यात दितली रानातून आली. तिच्या खांद्यावर भेकर होते आणि त्याच्या कुशीत अरुंद पात्याचा तीर होता. तिने ते खडकावर टाकले.

"नियम सांगा, कारभारी," ती म्हणाली.

नियम सगळ्यांना पाठ होता. ज्या घरातून शिकार आली नाही, त्या घराचे शेत शिकार आणणाऱ्या घराचे. एकोणचाळीस घरे, त्यांची सगळी शेते, ओढ्यापासून डोंगरापर्यंत, आता एका काट्याकुट्यांच्या झोपडीची झाली होती. कुणाच्या तरी हातातली काठी खाली पडली. एक बाई रडू लागली.

"शेतं घेईन," दितली म्हणाली, "नाहीतर उत्तर घेईन. तीर कोणाचा?"

सगळ्यात आधी नूरजी उठला. "तीर दितलीचा," तो म्हणाला आणि उभाच राहिला. मग आणखी एक उठला. मग एकेक घर उठत गेले आणि बोलत गेले. जात्र्याही उठला. शेवटी एकटा वेस्ता बसून राहिला. ऊन डोक्यावर आले, भेकरावर माश्या बसू लागल्या. कुणी जागचे हलले नाही. अखेर तो गुडघ्यांवर हात टेकून उठला.

"या वर्षीचा तीर दितलीचा," तो म्हणाला.

"मी गेल्या वर्षीचा विचारते."



"गेल्या वर्षीचाही दितलीचा," वेस्ता म्हणाला. "जात्र्यानं बदलला. मी बदलायला लावला."

दितलीने मान हलवली. तिने फक्त स्वतःचे शेत मागून घेतले, बाकीचे ज्याचे त्याला ठेवले. पण लोक सुटल्यासारखे हसू लागले, तशी ती पुन्हा बोलली.

"हसू नका. आज बोललात ते जमिनीच्या भीतीनं. एकदा गप्प बसलात, ते पुन्हाही बसाल. म्हणून इथं काहीही वाटाल तेव्हा आधी उभे राहा आणि तीर कोणाचा ते सांगा. दर वेळी सांगा. मी मेल्यावरही सांगा."

त्यानंतर ती पुष्कळ वर्षे जगली म्हणे. सासूला तिने शेवटपर्यंत सांभाळले. गावच्या वाटणीतले मात्र तिने कधी काही खाल्ले नाही, आणि नूरजीशी ती कधी बोलली नाही.

आता शिकार कायद्याने बंद आहे. पाड्यातले कामठे लग्नात आणि होळीला तेवढे बाहेर निघतात. पण आजही खडकावर वाटे पडले की गावातला सगळ्यात म्हातारा माणूस विचारतो, "तीर कोणाचा?" आणि सगळे गाव उभ्याने सांगते, "दितलीचा." एखादा आवाज कमी वाटला, तर तो पुन्हा विचारतो. जेवण गार झाले तरी चालते.

गोष्ट संपली की पाहुण्यांतले कुणीतरी हमखास विचारते, "बाबा, मग शेवटी तिनं गावाला माफ केलं का?"

"नाही," रूमशाबाबा म्हणतात. "का करावं?"

तोवर खडकाच्या दुसऱ्या टोकाला सागाची पाने मांडली जात असतात, आणि एवढा वेळ खडकावर मांडी घालून ऐकत असलेल्या पाहुण्यांकडे बघून ते काठी आपटतात. "उठा," ते म्हणतात. "वाटे पडतायत."