आजोबांचा कोबा

फरशी पुन्हा घसरली! आणि या वेळीही तिच्यावर दिवाण अंतोबा बसले होते.

चिंचगड संस्थानच्या दरबारात हा रोजचाच तमाशा झाला होता. मुंबईहून आणलेल्या नक्षीदार फरश्या काही केल्या जमिनीला धरत नव्हत्या. खाली काँक्रीटचा कोबा होता, महाराज रणधीररावांच्या आजोबांनी स्वतःच्या तळहातानं घोटून गुळगुळीत केलेला. शिवाय आदर म्हणून त्याला रोज एरंडेल चोळायची चाल दरबारी मंडळींनी पाडली होती. तीस वर्षं एरंडेल! त्यावर सिमेंटचा माल टाकला की माल घसरे, मालावर फरशी ठेवली की फरशी घसरे, आणि पक्की बसली का हे पाहायला दिवाणांना वर बसवलं की दिवाणही घसरत. आज ते थेट मुदपाकखान्यात जाऊन थांबले, तिथं त्यांनी दोन पुऱ्या खाल्ल्या आणि मगच परत आले.

हैबती गवंडी हात जोडून म्हणाला, "म्हाराज, आधी त्याल धुवून काढाय पायजे. मग कोब्याला छिन्नीनं टाचं माराय पायजेत. खडबडीत झाल्याबिगर माल धरायचा न्हाई."

"टाचे? आजोबांच्या कोब्याला?" महाराज कडाडले. "धुवा हवं तेवढं! पण ओरखडा उठता कामा नये. जो ओरखडा काढील, तो त्याच दिवशी हद्दपार! आणि हैबती, दसऱ्याच्या दरबाराआधी फरशी पक्की बसली नाही, तर तू हद्दपार!"

दसरा पंधरा दिवसांवर आला होता. हैबती घरी गेला आणि गाठोडं बांधू लागला.

"टाचं मारलं तरी हद्दपार, न्हाई मारलं तरी हद्दपार," तो लेकीला म्हणाला. "आता निस्ता मुहूर्त तेवढा आपल्या हातात हाय!"

त्याची लेक भिवरा माल कालवण्यापासून ओळंबा धरण्यापर्यंत सगळं काम बापाच्या हाताखाली शिकली होती. या गावात ती जन्मली होती आणि हे गाव सोडायचा तिचा मुळीच विचार नव्हता.

"आबा, गाठोडं सोडा," ती म्हणाली. "म्हाराजांच्या पायाचं माप कुनाकडं मिळंल ते सांगा."

चार दिवस तिनं रिठे आणि सोडा घालून कोबा घासून धुतला. तेल निघालं. पाचव्या दिवशी ती महाराजांपुढं उभी राहिली. हातात नव्या कोऱ्या वहाणांचा जोड, आणि एकेका तळाला चाळीस टोकदार पोलादी खिळे!

"हे काय?" महाराजांनी विचारलं.

"म्हाराज, फरशी बसवायच्या आधी कोबा कुठं पोकळ हाय ते ठोकून बघाय लागतं. भरीव आसंल तर ठण्ण वाजतं, पोकळ आसंल तर डब्ब. आमी काठीनं ठोकतो. पर आजोबांच्या कोब्यावर ऐऱ्यागैऱ्याची काठी आपटायची? तिथं नातवाचाच पाय पायजे!"

महाराजांची छाती फुगली. "खरं आहे! पण हे खिळे कशाला?"

"कोबा अजून निसरडा हाय जी. म्हाराज घसरून मुदपाकखान्यात गेलं, तर बरं दिसंल का?"

"आणि माझ्याऐवजी दिवाणांनी घातल्या तर?"

"आसं कसं? दरबारात वहाना घालायचा मान एकट्या म्हाराजांचा!"

"अर्थातच!" म्हणून महाराजांनी वहाणा चढवल्या.

धाण्ण! महाराजांचा पाय पडला. सगळे दरबारी कोब्याला कान लावून पालथे झोपले होते.

"ठण्ण!" अर्धे ओरडले.

"डब्ब!" उरलेले ओरडले.

"महाराजांच्या पायाखाली काहीही पोकळ असूच शकत नाही," असं दिवाणांचं म्हणणं पडलं, त्यामुळे ते सगळीकडे ठण्णच म्हणत. हैबती मागोमाग फिरून पोकळ जागांवर खडूनं खुणा करी, आणि भिवरा दारात अनवाणी उभी राहून सांगे, "कोपरा ऱ्हायला, म्हाराज! वीतभर जागा सोडू नगा! आजून जोरात!"

चार दिवस महाराज मान ताठ ठेवून नाचत होते. त्यांना सपाटून भूक लागू लागली, गाढ झोप येऊ लागली. त्यांना हे काम फारच आवडलं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी भिवरानं कोब्यावरून हात फिरवला. "झालं! उद्यापास्नं फरशी बसवते."

महाराजांनी पहिल्यांदाच खाली पाहिलं. कोब्यावर जिकडेतिकडे टवके! एक वीतही शाबूत नव्हती.

"ओरखडे!" त्यांचा चेहरा लालबुंद झाला. "धरा त्या हैबतीला! आत्ताच्या आत्ता हद्दपार!"

शिपायांनी हैबतीचे दंड धरले. भिवरा मधे आली.

"सोडा आबांना! हुकूम ओरखडा काढणाऱ्यासाठी हाय. आबांच्या हातात निस्ता खडू हुता. मी दारात अनवाणी. दिवाणसाहेब, तुमीच सांगा, चार दीस हितं वहाना घालून कोन फिरलं?"

दिवाण छताकडे बघू लागले.

"म्हाराज," भिवरा अदबीनं म्हणाली, "हुकूम त्याच दिशीचा हाय, आन् दीस मावळाय आलाय. घोड्यावर खोगीर घालाय सांगू का? वाटंत खायाला भाकरी मी बांधून देते."

महाराजांनी एक पाय वर उचलला, तळाचे खिळे पाहिले, मग दुसरा पाहिला. आणि ते असे हसत सुटले की त्यांचा तोल गेला! पण घसरले मात्र नाहीत. कोबा आता चांगलाच खडबडीत होता.

"हुकूम रद्द!" ते डोळे पुसत म्हणाले. "नाहीतर तुझ्या भाकरीवर दिवस काढावे लागतील!"

बापलेकीनं पोकळ जागा फोडून भरून घेतल्या, कोबा झाडून ओला केला, त्यावर सिमेंटचं पाणी फिरवलं आणि फरशी बसवली. दसऱ्याला दिवाणांना मधोमध बसवून चार पहिलवानांनी ढकललं. दिवाण कलंडले, फरशी जागची हलली नाही!

महाराजांनी हैबतीला पागोटं बांधलं, भिवराला सोन्याच्या पाटल्या दिल्या आणि राजवाड्यातल्या उरलेल्या अकरा दालनांचं काम तिच्याच नावानं लिहून दिलं. अट एकच घातली: तिथले कोबे पोकळ आहेत का, हे महाराज स्वतः तपासणार!