साळिंदराचा ओंजळभर पाला

प्राण्यांना आग पेटवता येत होती, त्या काळातली ही गोष्ट. एका माळावरच्या प्राण्यांनी मिळून ठरवलं होतं, की गवत वाळलं की पाऊस पडेपर्यंत कुणीही उघड्यावर काही जाळायचं नाही.

साळिंदराच्या बिळासमोर वाळका पाला साचला होता. एका दुपारी त्याने तो गोळा करून पेटवून दिला. धूर दिसताच टिटवी धावत आली. तिची अंडी जवळच्या गवतात, उघड्या जमिनीवर होती.

“साळूभाऊ, विझवा हो ते! वारा सुटलाय.”

“अगं, ओंजळभर तर पाला आहे. आणि मी उभा आहे ना इथे!” साळिंदर म्हणाला. “तो नियम मोठ्या आगीसाठी आहे.”

तेवढ्यात वावटळ उठली. एक जळतं पान गवतात पडलं. साळिंदराने ते घाईघाईने पायाखाली चिरडलं आणि मागे वळून पाहिलं, तर पाठीमागचं गवत भडकलं होतं. बघता बघता जाळ माळभर पसरला. साळिंदर बिळात शिरला, म्हणूनच वाचला.

आग निवल्यावर तो बाहेर आला. त्याला आपला माळ ओळखूच येईना. जिकडेतिकडे काळी राख होती आणि कुणाचीही चाहूल नव्हती. थोड्या अंतरावर टिटवी अंड्यांवर बसलेली दिसली. तिचे पंख होरपळले होते.

“अंडी... वाचली?” त्याने कसंबसं विचारलं.

“हो तर,” टिटवी हळूच म्हणाली. “बघा ना, अजून किती गरम आहेत.”

साळिंदराने वाकून पाहिलं. अंड्यांची कवचं काळी पडून तडकली होती.