नांगर उचललेली जागा

"हा राजा... जपून!"

वडिलांची ही हाळी दौलतरावांच्या कानात लहानपणापासून होती. नांगरताना रानाच्या मधोमध आलं की ते बैलांना अशी हाळी देत, नांगर उचलून धरत आणि सुपाएवढी जागा सोडून पुढं जात. आता रान धाकटा भाऊ कसतो. तोही तसंच करतो.

आज मात्र दौलतरावांच्या डोक्यात दुसरंच होतं.

"मला म्हाळू हवाय, हिरानाथबाबा. आमचा खापरपणजोबा. इंग्रजांच्या अमदानीत त्यानं हे रान पहिल्यांदा फोडलं. वर्षभर कचेऱ्या धुंडाळतोय. नावापलीकडं काही सापडत नाही."

हिरानाथबाबा म्हणजे माळावरचे म्हातारे गोसावी. ते बांधावर बसून हसले.

"म्हाळू काय कचेरीत राहत होता व्हय?"

"चेष्टा नको. त्याच्या नावाचा दगड बसवायचाय. पाथरवट खोळंबलाय. नावाखाली काय कोरू? जन्मभर राबलेला माणूस... असा काहीच मागं न ठेवता जातो?"

बाबांनी तांब्या पुढं केला.

"तहान लागलीय. विहिरीवरनं पाणी आण. रानातनं सरळ जा."

रान नुकतंच नांगरलेलं. दौलतराव ढेकळं तुडवत निघाले. मधोमध आले, डावीकडं वळले, थोडा वळसा घेतला आणि पुन्हा सरळ चालू लागले.

"दौलत!" बाबा मागून येत होते. "का वळलास?"

"वळलो?..." दौलतरावांनी मागं पाहिलं. "इथं वडील नांगर उचलायचे."

"आन् त्यांचा बाप?"

"तोही. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. बाप उचलायचा म्हणून पोरगा..."

"पहिल्यांदा कुणी उचलला?"

"म्हणजे... म्हाळूनं?"

ते एक पाऊल मागं आले, तशी पायाजवळून टिटवी ओरडत उडाली. डोक्यावर घिरट्या घालू लागली. त्या न नांगरलेल्या जागेत, बारक्या खड्यांत, मातीच्याच रंगाची ठिपक्यांची अंडी होती.

दौलतराव खाली बसून ती अंडी पाहू लागले.

"टिटवीच्या अंड्यांसाठी... बाबा, तेव्हापासून?"

टिटवी ओरडतच होती.

"मग दगडावर काय लिहू?"

"आधी बाजूला हो. तिला परत येऊ दे."

दौलतराव उठले. वहाणा काढून हातात घेतल्या आणि हलक्या पावलांनी ढेकळांतून चालू लागले.