काकवीनं फिरवलेली मतं

राजा रणधीररावांनी गुळाच्या कढईवर पट्टी, म्हणजे कर, बसवायचं काढलं आणि भरदरबारात धुरपा आडवी आली. धुरपा म्हणजे गुऱ्हाळ चालवणाऱ्या रखमाजीची लेक. पट्टी मंजूर झाली की बापाची कढई गेलीच, हे तिला स्वच्छ दिसत होतं. ती सरळ म्हणाली, की हे सरदार विषय ऐकून मत देतच नाहीत, महाराजांकडे बघून देतात.

महाराज भडकले. त्यांचे सरदार म्हणजे एकेक बृहस्पती! इतकी वर्षं दर वेळी राजाचं आणि सरदारांचं मत जुळतं, ते काय उगीच?

"उद्या मतदान आहे. माझ्या मनाविरुद्ध एकाचा तरी हात खाली ठेवून दाखव, पट्टी रद्द. नाही जमलं तर पहिली कढई तुझ्या बापाची जप्त!"

आता गंमत अशी, की एक महाराज सोडले तर सगळ्या गावाला ठाऊक होतं. मनासारखं असलं की महाराजांचा हात मिशीवर जायचा, नसलं की कानाकडे. सरदार कशाला डोकं शिणवतील? निवांत पान चघळायचे आणि घंटा झाली की तेवढं बघायचे. मिशी दिसली की हात वर, कान दिसला की खाली.

दरबाराची आणखी एक रीत होती. ज्या जिनसेवर पट्टी, ती मतदानाआधी महाराजांनी चाखायची. मिठाच्या वेळी बिचाऱ्यांनी मूठभर मीठ खाल्लं होतं म्हणे! दुसऱ्या दिवशी धुरपानं गुळाचा खडा आणलाच नाही, आणली पातळ, ताजी काकवी. महाराजांनी अख्खी वाटी तोंडाला लावली. मिशा भिजल्या, त्या पुसता पुसता कानही चिकट झाले. आणि वासावर माश्या आल्या.

घंटा झाली. माशी मिशीवर, महाराजांचा हात मिशीवर, सगळे हात वर! कारकून म्हणाला, मंजूर. माशी कानावर गेली, महाराजांनी कान झटकला, सगळे हात खाली. नामंजूर. पुन्हा मिशी, पुन्हा कान! सरदार घामाघूम झाले. एकाची पगडी दुसऱ्याच्या मांडीत पडली. एका हुशारानं तर एक हात वर आणि एक खाली धरून ठेवला. शेवटी कारकुनाचा घसा बसला.

"अरे, चाललंय काय? पट्टी मंजूर की नामंजूर?" महाराज ओरडले.

"माशीला विचारा, महाराज," धुरपा म्हणाली. "मत तिनंच दिलंय. पट्टीही तिच्याकडूनच वसूल करा."

महाराजांनी आपल्या चिकट बोटांकडे बघितलं, मग सरदारांकडे. डोक्यात प्रकाश पडला आणि ते असे हसले की सिंहासन करकरलं. हसता हसता हात मिशीकडे निघाला, तसे सगळे सरदार पुन्हा हात उचलायला लागले. महाराजांनी झटकन दोन्ही हात मांडीखाली दाबले.

"आता बोला. पट्टी हवी का नको?"

सरदार एकमेकांची तोंडं बघू लागले. शेवटी म्हातारे निंबाजीराव चाचरत म्हणाले, "महाराज, माझाही ऊस आहे हो... नकोच ती पट्टी." मग सगळ्यांनाच कंठ फुटला.

पट्टी रद्द झाली. रखमाजीला नवी कोरी कढई मिळाली, धुरपाला सोन्याचं कडं. वर महाराजांनी हुकूम सोडला, की इथून पुढे पट्टी कशावरही असो, मतदानाआधी काकवी धुरपाच्या हातचीच यायची. आणि मिशा चाटत त्यांनी दुसरी वाटी मागितली.