धुतलेली वाळू

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा डोंगरातल्या माणसांनी समुद्राबद्दल ऐकलं होतं, पण तो पाहिला नव्हता. अशाच एका डोंगरी राज्याच्या राजाने दर्यावर्दी सरदाराची मुलगी लग्न करून आणली. आली तेव्हा ती चांगली बडबडी होती. पुढे हळूहळू बोलेनाशी झाली, तिची जेवणावरची वासनाच उडाली. वैद्यांनी नाडी पाहून नुसत्या माना हलवल्या.

राजाचा तिच्यावर फार जीव. त्याने अंगणात दगडी हौद बांधला. तिच्या माहेरच्या किनाऱ्यावरून खारं पाणी, मासे आणि तळाशी अंथरायला वाळू आणवली. मासे पाहून राणी कितीतरी दिवसांनी हसली.

पण त्या राजवाड्याची एक रीत होती. उंबऱ्याच्या आत येईल ते धुऊनच यायचं. भाजी, भांडी, पाहुण्यांचे पाय, सगळं. मग वाळू तरी कशी सुटणार? ती ओढ्याच्या गोड्या पाण्यात पुन्हा पुन्हा धुतली, उन्हात वाळवली, चाळली. हौदात पडली तेव्हा साखरेसारखी दिसत होती. राजा खूश!

थोड्याच दिवसांत पाण्याला घाण वास मारू लागला. मासे एकेक करून उलटे तरंगू लागले. पाणी बदललं, तरी तेच. राणी पुन्हा गप्प झाली. एकच मासा उरला तेव्हा राजा घोड्यावर बसला आणि थेट सासुरवाडीला गेला.

राणीच्या म्हाताऱ्या आत्याने त्याला ओहोटीच्या ओल्या वाळूत नेलं. मूठभर वाळू उकरून त्याच्या तळहातावर ठेवली. काळपट, वासाची वाळू, आणि तिच्यात केसाएवढे किडे वळवळत होते. राजाने नाक दाबलं.

"नाक कसलं दाबता, जावईबापू?" आत्या म्हणाली. "माशांनी केलेली घाण हेच खातात. हे, आणि डोळ्यांना दिसत नाहीत असे आणखी कितीतरी. तुम्ही त्या सगळ्यांना धुऊन मारलंत. मग पाणी नासणार नाही तर काय?"

"पण राजवाड्यात असली वाळू?"

"मग मासे पाळू नका. भिंतीवर काढून घ्या!"

राजा ओशाळला. त्याने घड्यात ती वाळू भरली, वर समुद्राचं पाणी घातलं, ओलं फडकं बांधलं आणि सावलीसावलीने परतला. दारात नोकर धुवायला पाणी घेऊन धावले. राजाने घडा पोटाशी धरला. "हात लावाल तर याद राखा!"

वाळू हौदात पसरली. हळूहळू पाणी निवळलं, मासा तळाशी टोचा मारत फिरू लागला.

"आता तरी बोल," राजा म्हणाला.

"कुठल्या बोलीत बोलू?" राणी म्हणाली. "माझ्या बोलीला इथे सगळे हसतात, म्हणून मी ती सोडली. वास येतो म्हणून माझी सुकी मासळी पहिल्याच दिवशी ओढ्यात फेकली. माझी गाणी गावंढळ ठरली. मलाही तुम्ही धुऊनच आत घेतलंत."

राजाची मान खाली गेली. त्याला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी मुदपाकखान्यात सुकी मासळी भाजली गेली. कारभारी नाकाला उपरणं लावून पळाले. राजा मात्र पाटावर बसून राहिला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत ठसकला, आणि राणी खो खो हसत त्याला आपल्या बोलीत चिडवू लागली.

मुलांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीसुद्धा, ध्यानात ठेवा: ज्याला आपलंसं करायचं, त्याला त्याच्या मातीसकट घरात घ्यावं.