सिंहासनाकडे पाठ

एका नगरीत एक राजा होता आणि त्याच्या दरबारात एक वाद्यवृंद होता. सनया, सारंग्या, बासऱ्या, नगारे, सगळा थाट मोठा. हाती छडी घेऊन त्यांच्याकडून वाजवून घेणारा तो वृंदनायक. सिंहासनाकडे पाठ करायची मुभा अख्ख्या नगरीत त्या एकट्याला होती. वादकांकडे तोंड केल्याशिवाय तो बिचारा वाजवून घेणार तरी कसा?

म्हातारपणी नायकाचे हात कापू लागले, तशी त्याची शिष्या वादकांची तालीम घेऊ लागली. ती मूळची सारंगीवाली. कुठली सनई घाई करते, कुठली बासरी बुजते, तिला सगळं ठाऊक. वसंतोत्सव जवळ आला तेव्हा म्हाताऱ्याने छडी तिच्याच हाती दिली.

झालं! प्रधानाच्या कपाळाला आठ्या पडल्या. बाईने सिंहासनाकडे पाठ केल्याचं त्याने कधी ऐकलं नव्हतं. नगारेवालाही मिशीतल्या मिशीत हसला. बाईच्या इशाऱ्यावर आपण नगारा वाजवणार नाही, असं त्याने चारचौघांत सांगून टाकलं.

"आम्ही कुठे नको म्हणतो?" प्रधान तिला म्हणाला. "छडी खुशाल धरा. पण तोंड महाराजांकडे हवं."

तिला राग आला आणि रडूही आलं. नाही म्हणावं तर छडी जाते. हो म्हणावं तर वादकांना तिचा हात दिसणार नाही, आणि कार्यक्रम फसला की पुढे कुठल्याच मुलीला कोणी उभं करणार नाही. तिने दरबार एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळला आणि म्हणाली, "बरं."

वसंतोत्सवाला दरबार भरला आणि बघतात तर काय, वादक सिंहासनामागच्या उंच चौथऱ्यावर बसलेले! ती समोर उभी, तोंड अगदी नियमाप्रमाणे महाराजांकडे. प्रधानाला बोट ठेवायला जागा उरली नाही.

सारंग्या छान लागल्या. राजा पान चघळत प्रधानाच्या कानाशी कुजबुजू लागला. तेवढ्यात नगारेवाल्याने हट्टाने आपलाच ठेका सुरू केला. तिने नुसता पंजा वर केला आणि शांतपणे समोर बघत राहिली. बाकीचे सगळे तिच्या हाताबरोबर थांबले. एकटा नगारा किती वेळ धडधडणार? तोही ओशाळून गप्प झाला. मग तिने सनया घेतल्या, बासऱ्या घेतल्या आणि शेवटी त्याच्याकडे बघून मान हलवली. यावेळी नगारा असा वाजला की दरबार डोलायला लागला.

वादन संपलं तरी राजाच्या गालात पान तसंच होतं. त्याने विचारलं, "मघाचा तो पंजा आम्हाला होता?"

"नाही महाराज, नगाऱ्याला."

"आम्हीही गप्प बसलो की!" राजा खो खो हसला. मग म्हणाला, "काय हवं ते मागा."

तिने दागिना मागितला नाही. पुढच्या वर्षी वादक आपल्या जुन्या जागी बसावेत आणि तिने त्यांच्याकडे तोंड करावं, तिने आणि तिच्यानंतर येणाऱ्या मुलींनीही, एवढंच तिने मागितलं.

राजा जरा हिरमुसला. "म्हणजे आम्हाला तुमची पाठच दिसणार?"

"हो महाराज. आमच्या गुरुजींचीही पाठच दिसायची."

राजाने प्रधानाकडे बघितलं. प्रधान खाली बघत होता. नियम त्याच दिवशी मोडीत निघाला.

तर तात्पर्य एवढंच: बाई असो की बाप्या, ज्यांच्याशी काम त्यांच्याकडे तोंड असावं, पाठ दिसली म्हणून इतरांनी रुसू नये.